शोहरत, नेकनामी आणि साक्ष

खेळाचे शौकीन कोठेही एकत्र बसले की एक वाद हमखास निघतो. अमुक खेळाडूचे एवढे मोठे नाव आहे. पण त्या नावाला तो खरोखर लायक आहे काय? आपल्याकडे हा वाद क्रिकेटवरून रंगतो. अमेरिकेत तो बास्केटबॉलवरून रंगतो, आणि तिथल्या जुन्यातल्या जुन्या वादांपैकी एक विल्ट चेंबरलेन आणि बिल रसेल या दोन खेळाडूंविषयीचा आहे. रसेलने १९६९ साली मैदान सोडले, चेंबरलेनने १९७३ साली. चेंबरलेनचे १९९९ मध्ये निधन झाले, रसेलचे २०२२ मध्ये. तरी दोघांचे चाहते अजून हमरीतुमरीवर येतात.

एखाद्याला वाटेल, गेलेल्या माणसांच्या गुणांची बेरीज-वजाबाकी करून काय पदरात पडणार? आम्हाला तसे वाटत नाही. आम्ही पेशाने शिक्षक. मुलांच्या नावापुढे दरवर्षी काही शब्द लिहिणे हा आमच्या कामाचाच भाग. एखाद्याचे नाव मोठे व्हावे की नाही, हे कोणत्या मापाने ठरवायचे, हा प्रश्न आम्हाला खेळापुरता वाटत नाही. जिथे आपले कोणी नातेवाईक नाही, आपल्या पोटापाण्याचा संबंध नाही, अशा ठिकाणी तो तपासून पाहणे सोपे जाते. म्हणून हे दूरचे उदाहरण घेतले आहे.

आधी हकीकत पाहू. चेंबरलेनची उंची सात फूट एक इंच. १९५९ साली तो एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये आला. १९६१-६२ च्या हंगामात त्याने दर सामन्याला सरासरी ५०.४ गुण केले. सामना ४८ मिनिटांचा असतो. चेंबरलेन त्या हंगामात सरासरी ४८.५ मिनिटे खेळला. जादा वेळेत गेलेले सामने हिशेबात धरले म्हणजे हा आकडा कळतो. हा माणूस बाकावर जवळजवळ बसलाच नाही. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी न्यूयॉर्कच्या संघाविरुद्ध त्याने एकट्याने १०० गुण केले. हा विक्रम आजवर कोणी मोडलेला नाही. नेम चुकून रिंगवरून उसळलेला चेंडू पकडणे याला रिबाउंड म्हणतात. त्यातही कारकिर्दीतला २३,९२४ हा त्याचा आकडा सर्वांत मोठा आहे. एका सामन्यातला ५५ रिबाउंडचा विक्रम त्याने २४ नोव्हेंबर १९६० रोजी केला, तोही रसेलच्या बोस्टन संघाविरुद्ध.

आता रसेल. त्याची कारकिर्दीतली सरासरी दर सामन्याला १५.१ गुण, म्हणजे चेंबरलेनच्या ३०.१ च्या निम्मी. पण रसेल तेरा हंगाम खेळला आणि त्यांपैकी अकरा वेळा बोस्टनने लीगचे अजिंक्यपद जिंकले. शेवटची दोन अजिंक्यपदे, १९६८ आणि १९६९ ची, तर तो खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी जिंकला. चेंबरलेनच्या वाट्याला अजिंक्यपद दोनदाच आले, १९६७ आणि १९७२ मध्ये. दोघांचे संघ बाद फेरीत आठ वेळा आमनेसामने आले. सात वेळा रसेलचा संघ पुढे गेला.

वादाला तोंड फुटते ते इथे. रसेलचा पक्ष म्हणतो, खेळ पाच जणांचा आहे. जिंकण्यासाठी खेळतात, गुणांचा ढीग रचण्यासाठी नव्हे. ज्याच्या गुणांनी संघ जिंकत नाही, त्याचे नाव मोठे कसे? चेंबरलेनचा पक्ष उलट विचारतो, बोस्टनकडे बॉब कूझी होता, सॅम जोन्स होता, जॉन हॅवलिचेक होता, रेड आउरबॅकसारखा प्रशिक्षक होता. संघाच्या यशाचे पागोटे एकाच्याच डोक्यावर का? दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच साठ वर्षे वाद मिटत नाही. आमच्या मते तो न मिटण्याचे कारण आणखी खोल आहे. ‘लायक’ या एका शब्दात दोन वेगळे प्रश्न कोंबले गेले आहेत, आणि प्रत्येक पक्ष आपल्याला सोयीचा तेवढा प्रश्न उचलून धरतो.

पहिला प्रश्न उंचीचा. सात फूट एक इंच उंची चेंबरलेनने कमावली नव्हती. ती त्याला जन्माने मिळाली. मग त्या उंचीच्या बळावर मिळालेले नाव त्याचे कसे? हा प्रश्न पारावरच्या गप्पांचा वाटेल, पण तो मोठ्या विचारवंतांनीही हाताळला आहे. जॉन रॉल्स याने १९७१ मध्ये ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ हा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की जन्माने मिळालेल्या देणग्यांचा वाटा कोणीच आपल्या लायकीने मिळवलेला नसतो. मेहनत करण्याची वृत्तीसुद्धा बऱ्याच अंशी घर आणि परिस्थिती यांवर अवलंबून असते. तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, त्याच हार्वर्ड विद्यापीठातील रॉबर्ट नोझिक याने ‘अनार्की, स्टेट अँड युटोपिया’ या ग्रंथात उत्तर दिले, आणि उदाहरणासाठी नाव घेतले ते चेंबरलेनचेच. समजा, तिकिटामागे पंचवीस सेंट चेंबरलेनला मिळतील असा करार झाला आणि दहा लाख माणसांनी राजीखुशीने तिकिटे काढली. त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमले. यात अन्याय कोठे झाला? लोकांनी आपले पैसे आपल्या मर्जीने दिले. ते त्याचे झाले.

हार्वर्ड ज्या गावात आहे ते केंब्रिज बोस्टनला लागून आहे. रसेलचा संघ नदीपलीकडे खेळत असे, तरी नोझिकने चेंबरलेन निवडला. पण नोझिकचा मुद्दा नीट वाचला पाहिजे. चेंबरलेन त्या पैशाला लायक आहे, असे तो म्हणत नाही. तो त्या पैशाचा हकदार आहे, एवढेच म्हणतो. हकदार असणे आणि लायक असणे या दोन गोष्टी निराळ्या. वडिलांच्या घराचा मुलगा हकदार असतो. लायक असेलच असे नाही.

पैशाच्या बाबतीत नोझिक बरोबर की रॉल्स, हा वाद अर्थशास्त्र्यांसाठी ठेवू. कीर्तीच्या बाबतीत मात्र नोझिकची वाट आपल्या उपयोगाची नाही. पैसा मर्जीने देता येतो. कीर्ती तशी देता येत नाही. दहा लाख माणसांनी एखाद्याला मोठा म्हटले म्हणून तो मोठा होत नाही. ती दहा लाख माणसे चुकलेलीही असू शकतात. ‘हा श्रेष्ठ खेळाडू होता’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याला बक्षीस देत नसतो. आपण एक विधान करत असतो, आणि ते खरे असते किंवा खोटे. थोडक्यात, कीर्ती ही मालमत्ता नाही. ती साक्ष आहे. साक्षीची जबाबदारी ज्याच्याविषयी ती दिली जाते त्याच्यावर नसते, देणाऱ्यावर असते.

उर्दूत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. शोहरत म्हणजे माहीत असणे, गाजणे. नेकनामी म्हणजे चांगले नाव. शोहरत गर्दी देते. नेकनामी जाणकाराच्या तोंडून मिळते. बोस्टनचा संघ वर्षामागून वर्ष जिंकत होता, तरी बोस्टन गार्डनमध्ये कित्येकदा खुर्च्या रिकाम्या असत. त्याच परिसरात रेडिंग या गावी राहणाऱ्या रसेलच्या घरात घुसून लोकांनी नासधूस केली आणि भिंतींवर काळ्या माणसाविषयीच्या शिव्या लिहिल्या. १९६१ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे उपाहारगृहात काळ्या खेळाडूंना खाणे नाकारले, तेव्हा रसेल आणि त्याचे सहकारी सामना न खेळता परतले. ज्या शहरासाठी जिंकायचे त्या परिसरातच घर सुरक्षित नाही, अशा माणसाने गर्दीच्या शाबासकीला किती किंमत द्यावी? १९७२ मध्ये त्याच्या सहा क्रमांकाच्या सदऱ्याचा गौरव करायचे ठरले, तेव्हा तो सोहळा प्रेक्षकांना दारे उघडण्यापूर्वी, जुन्या सहकाऱ्यांच्या साक्षीने झाला. रसेलची तशीच इच्छा होती. पुढे २०२२ मध्ये, त्याच्या निधनानंतर, तो क्रमांक सगळ्याच संघांनी कायमचा बाजूला ठेवला.

साक्ष म्हटली की साक्षीदाराने काय पाहिले हा प्रश्न येतो. १९६२ सालची गोष्ट इथे फार बोलकी आहे. त्या काळी वर्षातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची निवड खेळाडूच मतदानाने करत. त्यांनी ५०.४ सरासरीच्या चेंबरलेनला बाजूला ठेवून रसेलला निवडले. त्याच हंगामातल्या सर्वोत्तम पाच जणांचा संघ पत्रकारांनी निवडला. त्यात मधल्या जागी चेंबरलेन होता आणि रसेल दुसऱ्या संघात. एकच हंगाम, तेच दोन खेळाडू, आणि साक्षी दोन. बाहेरून पाहणाऱ्याला रिंगमध्ये पडलेला चेंडू दिसला. आत खेळणाऱ्याला, रसेल समोर उभा आहे म्हणून आपण टाकलाच नाही तो चेंडूही दिसला.

त्या न टाकलेल्या चेंडूची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. एवढेच नव्हे, प्रतिस्पर्ध्याचा नेम हवेतच अडवणे, ज्याला ब्लॉक म्हणतात, त्याची अधिकृत मोजणी एनबीएने १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू केली. तोवर रसेल निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती आणि चेंबरलेनही नुकताच थांबला होता. ज्या कामात रसेल सर्वांत पुढे होता त्या कामाचा त्याच्या नावावर अधिकृत आकडाच नाही. अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेण्यापेक्षा तो हळूच आपल्या खेळाडूच्या हाती पडेल असा टोलवणे, ही त्याची खासियत होती. पुस्तकात तीही नाही. ज्याची मोजणी झाली त्याचेच नाव झाले, हे खेळातही घडते आणि खेळाबाहेरही. हर्शीच्या त्या रात्री गाय रॉजर्सने २० वेळा असा पास दिला की त्यावर गुण झाला. अखेरीस अखेरीस चेंबरलेनच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम फाउल करून चेंडू परत मिळवला, तो त्याचे शतक व्हावे म्हणून. शंभर गुण चेंबरलेनचेच, यात शंका नाही. पण त्या शंभराला अनेक हात लागले आहेत. त्या सामन्याचे चित्रीकरण झाले नाही. ४,१२४ प्रेक्षकांनी तो पाहिला. आपल्यापर्यंत गुणनोंद आली आहे आणि चौथ्या सत्राचे रेडिओ समालोचन.

आता दुसरा प्रश्न, जो माणसाच्या हातात होते त्याचा. उंची हातात नव्हती. फ्री थ्रो होता. फाउल झाल्यावर रेषेवर उभे राहून, कोणाचाही अडथळा नसताना चेंडू टाकायचा असतो. यात चेंबरलेन आयुष्यभर कच्चा राहिला. कारकिर्दीत त्याचे ५१.१ टक्केच फ्री थ्रो पडले. १९६१-६२ मध्ये तो दोन्ही हातांनी, गुडघ्यांजवळून चेंडू वर उचलून टाकत असे. त्या हंगामात त्याचे प्रमाण ६१.३ टक्क्यांवर गेले, आणि हर्शीत ३२ पैकी २८ पडले. तरी त्याने ही पद्धत सोडून दिली. आत्मचरित्रात त्याने स्वतःच कबूल केले आहे की तसे टाकताना आपण बायकी दिसतो असे त्याला वाटे. आपले चुकते आहे हेही त्याला कळत होते. रिक बॅरी नावाचा खेळाडू त्याच पद्धतीने दहापैकी नऊ फ्री थ्रो टाकत राहिला आणि हसणाऱ्यांना हसू दिले. सात फुटांच्या माणसालाही ‘लोक काय म्हणतील’ याने वाकवले. चेंबरलेनच्या विरोधात काही सांगायचेच असेल, तर त्याच्या हरलेल्या अजिंक्यपदांपेक्षा हे सांगणे अधिक न्यायाचे, कारण ते त्याच्या हातातले होते.

पण इन्साफ करायचा तर पुरा करावा. या अरबी शब्दाचे नाते ‘निस्फ’ म्हणजे निम्मा या शब्दाशी आहे. आपल्या बाजूचे पुरे सांगून थांबायचे नाही, समोरच्याचा निम्मा त्याच्या पदरात टाकायचा. चेंबरलेनवर स्वार्थीपणाचा शिक्का होता. १९६६-६७ मध्ये प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम यांचे ऐकून त्याने नेम टाकणे कमी केले, सरासरी २४.१ वर उतरू दिली, सहकाऱ्यांना चेंडू दिला. त्या हंगामात फिलाडेल्फियाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले आणि सलग आठ अजिंक्यपदे जिंकलेल्या बोस्टनला चार-एक असे हरवले. पुढच्या हंगामात गुण करून देणारे ७०२ पास त्याच्या नावावर लागले, लीगमध्ये सर्वांत जास्त. तेव्हा टीकाकार काय म्हणाले? हा आता पासचा आकडा वाढवण्यासाठी खेळतो! म्हणजे गुण केले तरी स्वार्थी, पास दिले तरी स्वार्थी. एकदा शिक्का बसला की पुरावा शिक्क्याच्या चष्म्यातून वाचला जातो. अशी साक्ष कोणत्याही अदालतीत टिकणार नाही.

खुद्द रसेलही यातून सुटला नाही. १९६९ च्या अंतिम लढतीतला सातवा सामना. चेंबरलेन तेव्हा लॉस एंजेलिसकडून खेळत होता. पाचेक मिनिटे उरली असताना गुडघा दुखावल्याने तो बाहेर आला. नंतर त्याने परत जाण्याची तयारी दाखवली, पण प्रशिक्षकाने पाठवले नाही. बोस्टन १०८-१०६ असे जिंकले. अशा दुखापतीसाठी मैदान सोडायचे नसते, असे रसेल नंतर लोकांसमोर बोलला. दोघे एकमेकांच्या घरी जेवणारे मित्र. बोलणे तुटले ते अनेक वर्षे. शेवटी रसेलने माफी मागितली, एकांतातही आणि चारचौघांतही. मैत्री पुन्हा जुळली. दुसऱ्याच्या गुडघ्यातली कळ बाहेरून दिसत नाही. ज्याने त्याला सर्वांत जवळून पाहिले त्याचीही साक्ष त्या दिवशी चुकली, आणि ती बदलण्याची हिंमत त्याने दाखवली. अकरा अजिंक्यपदांइतकीच ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते.

इथे आपल्या वाचकांना आणखी एक मोह होईल. जून १९६७ मध्ये, व्हिएतनामच्या युद्धात जाण्यास नकार दिल्याने मुहम्मद अली यांचे अजिंक्यपद काढून घेतले गेले होते, तेव्हा क्लीव्हलँड येथे काही काळे खेळाडू त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांत बिल रसेल होता. विशीतला ल्यू अल्सिंडोर होता, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला आणि ज्याने १९८४ मध्ये चेंबरलेनचा ३१,४१९ गुणांचा विक्रम मागे टाकला. चेंबरलेन तिथे नव्हता. हे वाचून मन आपोआप रसेलकडे झुकते. झुकावेही, माणूस म्हणून त्याच्या बाजूने ती मोठी साक्ष आहे. पण तिने त्याच्या रिबाउंडमध्ये एकाचीही भर पडत नाही, आणि चेंबरलेनचे शंभर गुण नव्व्याण्णव होत नाहीत. उलट, चेंबरलेनने उतारवयात खासगी आयुष्याविषयी मारलेल्या फुशारकीनेही ते कमी होत नाहीत. आपल्या माणसासोबत उभा राहिला म्हणून त्याचे सगळेच थोर मानायचे, आणि नाही राहिला त्याचे होते तेही नाकारायचे, ही सवय खेळाच्या वादात निरुपद्रवी असते. मोहल्ल्यात, जमातीत, निवडणुकीत ती महाग पडते.

तर मग चेंबरलेन त्याच्या कीर्तीला लायक आहे काय? आमचे उत्तर असे की ‘कशाबद्दल?’ हे विचारल्याखेरीज या प्रश्नाला उत्तर नाही. एकट्याच्या बळावर त्याच्याएवढे थक्क करणारे कोणी केले नाही, ही साक्ष खरी आहे; ती द्यावी. चार जणांना सोबत घेऊन जिंकण्यात रसेल त्याच्यापेक्षा मोठा, हीही साक्ष खरी आहे, तीही द्यावी. त्यात किती देणगी आणि किती मेहनत, नियत कोणाची कशी, याचा हिसाब माणसाच्या हाती नाही. रॉल्सचा प्रश्न तिथे शिल्लक राहतो आणि राहू द्यावा. आपल्या हाती एवढेच आहे की जे पाहिले ते सांगावे, आणि जे मोजले गेले नाही ते पाहण्यासाठी थोडे जवळ जावे.

आम्ही हे सारे लिहितो ते शाळेच्या नोंदवहीसमोर बसून. शिक्षण हक्क कायदा आल्यानंतर २०१० पासून आमच्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. गुणांबरोबर प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहायची असते. परीक्षेत पहिला येणारा मुलगा सर्वांना माहीत असतो. त्याची शोहरत तयारच असते. पण शेजारच्याला गणित समजावून देणारी, भांडण वाढण्याआधी मिटवणारी, धाकट्या भावाला कडेवर घेऊन वेळेवर शाळेत येणारी मुलगी कोणत्याच रकान्यात बसत नाही. तिचा ब्लॉक मोजायला अजून कोणी सुरुवात केलेली नाही. ती नोंद केवळ शिक्षकाच्या हातात असते. ‘बरी आहे’ असे दोन शब्द लिहून पुढच्या नावाकडे जाणे सोपे. तिने काय केले ते एका ओळीत नेमके लिहायला पाच मिनिटे लागतात. तिला पुढे कोणी विचारले, तुझ्या बाजूने कोण बोलणार, तर दाखवायला तिच्याजवळ तेवढी एकच ओळ असेल.